‘फेअर’ : एका विशेषणाची परीक्षा

इंग्रजी भाषेंतील जीं विशेषणें मराठी माणसाच्या तोंडीं सहज रुळलीं आहेत, त्यांत ‘फेअर’ ह्या विशेषणाची गणना करावी लागेल. दिसण्यांत लहान, उच्चारण्यास सोपें, आणि अर्थानें इतकें सैल कीं, कोशकाराला त्याच्यापुढें अर्थांची रांगच उभी करावी लागते. सुंदर, गोरा, निरभ्र, सुवाच्य, निःपक्षपाती, न्याय्य, रास्त, बेताचा, मध्यम : इतके अर्थ ह्या एका शब्दाच्या पोटांत सुखानें नांदतात. मी पंचवीसांहून अधिक वर्षें इंग्रजीचें अध्यापन करीत आलों आहें. परंतु ह्या शब्दापाशीं मी कधीं फारसा थांबलों नव्हतों, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. ज्यानें मला थांबविलें तो माझा कोणी व्यवसायबंधु नव्हता. तो एक शेतकरी होता.

आमचें शेंदूरजनाघाट हें वरुड तालुक्यांतील, सातपुड्याच्या पायथ्याचें गांव. संत्र्याच्या बागा आणि संत्र्याचीं कलमें ह्यांसाठीं तें दूरवर ओळखलें जातें. पण बागेला पुरेल इतकें पाणी ज्यांच्या विहिरीला नाहीं, ते कपाशी, तूर आणि सोयाबीन ह्यांवरच संसार चालवितात. अशांपैकीं माझा एक जुना विद्यार्थी २०२४ सालच्या हंगामांत सोयाबीन घेऊन सरकारी खरेदीच्या केंद्रावर गेला आणि तें सर्व घेऊन परत आला. “माल एफ. ए. क्यू. नाहीं,” एवढेंच त्याला सांगण्यांत आलें होतें. हीं तीन अक्षरें म्हणजे ‘फेअर अ‍ॅव्हरेज क्वालिटी’ ह्या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें होत, हें त्यानें कोणाकडून तरी काढून घेतलें, आणि संध्याकाळीं माझ्या ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, “सर, फेअर म्हंजे गोरं, असं तुमीच शिकोलं व्हतं ना? मंग माह्या सोयाबीनचं तोंड कायं हाये का?”

आमच्या वऱ्हाडींत ‘ळ’ चा ‘य’ होतो. तेव्हां ‘कायं’ म्हणजे काळें. मला हसूं आलें. तो हसला नाहीं. त्याचा आक्षेप खरा होता. कोठल्याशा कवितेंतील राजकन्येच्या निमित्तानें मीं त्याला ह्या शब्दाचा एकच अर्थ सांगितला होता, आणि त्याच्या आयुष्यांत तो शब्द नेमका दुसऱ्या अर्थानें आडवा आला होता. त्या रात्रीं मीं त्याला राहिलेले अर्थ सांगितले. आणि सांगतां सांगतां माझ्याच मनांत हा प्रश्न उभा राहिला कीं, इतके अर्थ एका घरांत राहतात तरी कशाच्या नात्यानें?

प्रथम शब्दाचें कूळ पाहूं. हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत ह्या शब्दाचा पूर्वज ‘सुंदर, डोळ्यांस सुखकर’ ह्या अर्थीं वापरला जात असे. जें डोळ्यांस सुखवितें तें निर्मळ असतें; म्हणून ढग नसलेलें आकाश ‘फेअर’, आणि खाडाखोड नसलेली प्रतहि ‘फेअर’. वर्तनावरहि डाग नसावा. म्हणून चौदाव्या शतकाच्या सुमारास पक्षपात न करणारें वर्तन ‘फेअर’ ठरलें. सोळाव्या शतकाच्या मध्यास उजळ कांतीच्या व फिकट केसांच्या माणसाला तेंच विशेषण लागूं लागलें. व्यापाऱ्यानें तर त्याला आणखी खालीं उतरविलें : ‘वाईट नाहीं, उत्तमहि नाहीं’ अशा मालालाहि तो ‘फेअर’ म्हणूं लागला. जत्रा ह्या अर्थाचा ‘फेअर’ मात्र ह्या कुळांतला नव्हे. तो सणाच्या दिवसाला असलेल्या लॅटिन शब्दापासून निघाला आहे. प्रवासभाडें ह्या अर्थाचा तिसरा ‘फेअर’ हा प्रवास करणें ह्या अर्थाच्या जुन्या क्रियापदाचा वंशज असून इंग्रजींत त्याचें लेखनहि निराळें आहे. देवनागरींत हे तिघे एकाच वेषांत येतात, म्हणून एवढा खुलासा.

आतां मूळच्या विशेषणाचे अर्थ पुन्हां एका ओळींत ठेवून पाहावे. त्या सर्वांना जोडणारा एक धागा मला दिसतो, आणि तो म्हणजे डोळा. रूप असो, आकाश असो, कागद असो, वर्तन असो कीं कापूस असो. कोणीतरी त्याकडे पाहिलें, त्याच्या मनास तें उतरलें, आणि त्यानें ‘फेअर’ म्हटलें. म्हणजे हें विशेषण वस्तूचा गुण जितका सांगतें, त्याहून अधिक पाहणाऱ्याचा निर्णय सांगतें. परंतु वाक्यांत पाहणारा कोठेंच नसतो! ‘मुलगी फेअर आहे’, ‘माल फेअर नाहीं’, ‘भाव फेअर आहे’ : ह्या वाक्यांत निर्णय आहे, निर्णय देणारा नाहीं, प्रमाणपत्र आहे, त्यावर सही नाहीं. माझ्या मतें ह्या शब्दाची सारी मोहिनी आणि सारा धोका येथेंच आहे.

आमच्या वऱ्हाडाला हा धोका नवा नाहीं. हा प्रांत १८५३ सालीं निजामाच्या हातून इंग्रजांच्या कारभारांत गेला. पुढें १८६१ ते १८६५ ह्या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, आणि लिव्हरपूलच्या बाजाराची नजर आमच्या काळ्या जमिनीकडे वळली. अमरावतीच्या नांवाचा अपभ्रंश होऊन ‘ऊमरा’ हें तेथें कापसाच्या एका जातीचेंच नांव बनलें. त्या बाजारांत कापसाच्या प्रतींना ‘मिडलिंग’, ‘फेअर’, ‘गुड’, ‘फाइन’ अशीं चढत्या क्रमानें विशेषणें लावीत. काव्यांत राजकन्येच्या कपाळीं शोभणारें विशेषण कापसाच्या गठाणीवर आलें तें असें मधल्या पायरीवर! ही पायरी ठरविणारा डोळा समुद्रापलीकडे होता, आणि कापूस वेचणारे हात येथें होते. हातांना डोळा कधीं दिसला नाहीं. दिसला तो भाव.

विशेषणावर विसंबून बाजार चालत नाहीं, ही गोष्ट राज्यकर्त्यांच्याहि लवकरच लक्षांत आली. १८८६ सालीं कारंजा येथील कापसाचा बाजार नियमांखालीं आणण्यांत आला, आणि १८९७ सालीं वऱ्हाडासाठीं कापूस व धान्य ह्यांच्या बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. दलाल आणि मापारी ह्यांनीं परवाना घेऊन, ठरलेल्या नियमांनीं काम करावें, हा त्याचा रोख होता. आणि बाजारांचें नियमन करणारा हिंदुस्थानांतील पहिला कायदा म्हणून त्याचा उल्लेख होतो. ‘कांटा मारणें’ आणि ‘मापांत पाप’ हे शब्दप्रयोग ज्या भाषेंत आहेत, त्या भाषेच्या लोकांना ह्या कायद्याची गरज समजावून सांगावी लागली नसेल.

आतां माझ्या विद्यार्थ्याच्या सोयाबीनकडे येऊं. त्या वर्षीं सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि ‘फेअर’ ठरण्यासाठीं दाण्यांत ओलावा शेंकडा १२ हून अधिक असतां कामा नये, असा दंडक होता. पुढें त्याच वर्षीं नोव्हेंबर महिन्यांत केंद्र सरकारनें ही मर्यादा शेंकडा १५ पर्यंत सैल केली. दाणा तोच, शेत तेंच, पावसाळाहि तोच. पण काल जो माल ‘फेअर’ नव्हता तो आज झाला. ‘फेअर’ हा दाण्याचा अंगचा गुण असता, तर असें एका पत्रकानें घडतेंना.

येथें एका गैरसमजास वाव राहूं नये. प्रतवारी नको, असें मी म्हणत नाहीं. ओला दाणा कोठारांत बुरसतो, आणि ओलाव्याचें वजन धान्याच्या भावानें घेणें खरीददारालाहि परवडणारें नाहीं. मोजमाप हवेंच. माझें भांडण आहे तें मोजमापाचा आंकडा झांकून ठेवणाऱ्या विशेषणाशीं. ‘तुमच्या मालांत ओलावा शेंकडा १४ निघाला, मर्यादा १२ आहे,’ असें त्या माणसाला सांगितलें असतें, तर त्यानें माल दोन उन्हें दिलीं असतीं, किंवा पुन्हां मोजण्याचा आग्रह धरला असता, किंवा मर्यादेविषयीं सरकारशीं वाद घातला असता. आंकड्याशीं वाद घालतां येतो. ‘तुमचा माल फेअर नाहीं’ ह्या वाक्याशीं वाद कसा घालावा? तें ऐकून माणूस मुकाट्यानें गाडी वळवितो, आणि वाटेंत आपल्या शेताचेंच कांहीं चुकलें असेल, असें मानूं लागतो.

ह्या बाबतींत अशिक्षित म्हणविल्या जाणाऱ्या लोकांची भाषा पुष्कळदां आपल्याहून प्रामाणिक असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत धान्यावर नियंत्रण आलें, आणि ‘फेअर प्राइस शॉप’ हें नांव रूढ झालें. सरकारी मराठींत त्याचें ‘रास्त भाव दुकान’ झालें. वऱ्हाडांतील लोक मात्र त्याला आजतागायत ‘कंट्रोल’ म्हणत आले आहेत : कंट्रोलचा गहू, कंट्रोलचे तांदूळ. भाव रास्त आहे कीं नाहीं, ह्याविषयीं ह्या नांवांत अवाक्षर नाहीं; भाव कोणाच्या हातीं आहे, एवढेंच तें सांगतें. सरकारनें विशेषण निवडलें. लोकांनीं कर्ता ओळखला.

सोयाबीनचा प्रसंग होऊन महिनादीड महिना लोटला असेल. लग्नसराई तोंडावर आली होती. तोच विद्यार्थी पुन्हां माझ्याकडे आला, तो मुलीचा बायोडाटा तपासून घेण्यासाठीं. संगणकावर टंकून आणलेला तो कागद होता; मुलगी बरोबर होती. शिक्षण, उंची, गोत्र, मामाचें गांव हें सर्व यथास्थित होतें. ‘वर्ण’ ह्या शब्दापुढें मात्र ‘फेअर’ असें छापलें होतें. मुलगी चांगली सावळी आहे. मीं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलें. तो किंचित् ओशाळला आणि म्हणाला, “सर, फेअर म्हंजे बरा, मध्यम, असाबी अर्थ हाये, हे तुमीच त्या दिवशीं सांगतलं ना? खोटं नाई लिवलं म्या.”

मला उत्तर सुचलें नाहीं. ज्या शब्दानें एका महिन्यापूर्वीं त्याला बाजारांतून परत पाठविलें होतें, त्याच शब्दाच्या आडोशाला तो आतां आपली मुलगी उभी करीत होता. सरकारी केंद्रावर त्याचा माल दुसऱ्याच्या डोळ्यांना उतरला नव्हता. येथें मुलगी तरी उतरावी, म्हणून ही धडपड. बापाच्या ह्या चातुर्याला हसण्याचा अधिकार मला तरी नव्हता. ते अर्थ मीच त्याच्या हातांत दिले होते.

मराठींत वर्णाला शब्दांची टंचाई आहे असें नाहीं. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा, काळा : केवढा बारकावा! ह्यांपैकीं प्रत्येक शब्द रंग सांगतो आणि थांबतो. मराठींत ‘गोरा भाव’ नसतो, ‘गोरा न्याय’ नसतो, कीं खेळांत कोणी ‘गोरें’ खेळत नाहीं. उलट ‘गोरामोरा होणें’ ही कांहीं अभिमानाची अवस्था नव्हे. ‘फेअर’ हा शब्द स्वीकारतांच मात्र रंगाच्या पाठोपाठ सौंदर्य येतें, निर्मळपणा येतो, आणि न्यायाची पुसटशी छायाहि येते. आणि जो ‘फेअर’ नाहीं त्याच्याकडे हें सर्वच नाहीं, असा भास न बोलतां उत्पन्न होतो. ‘फेअर अँड लव्हली’ हें मलम १९७५ सालीं भारतांत विक्रीस आलें, आणि पंचेचाळीस वर्षें हीं दोन विशेषणें जोडीनें घरोघर आरशापुढें बसलीं. २०२० सालीं जगभर वर्णभेदाविरुद्ध आवाज उठला, तेव्हां त्या नांवांतून ‘फेअर’ वगळून ‘ग्लो’ हा शब्द घालण्यांत आला. शब्द गेला; पाहणारा डोळा गेला, असें मात्र बायोडाट्यांवरून दिसत नाहीं.

आपली मराठी ह्या पापांतून अगदीं मोकळी आहे, असा दावा मी करणार नाहीं. ‘तोंड काळें करणें’ हा प्रयोग आपलाच आहे, आणि गोऱ्या सुनेची हौस कांहीं इंग्रजीनें शिकविलेली नाहीं. पण आपल्या भाषेंत ह्या हौसेला उत्तर देणारे शब्दहि आहेत. आपल्या खेड्यांत वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणतात आणि पिकाच्या जमिनीला ‘काळी’. पांढरी राहते ती काळीच्या जिवावर, हें शेतकऱ्याला सांगावें लागत नाहीं. आणि ज्या कौंडिण्यपुराला, आमच्याच अमरावती जिल्ह्यांत, रुक्मिणीचें माहेर मानतात, तेथील पालखी दरवर्षीं पंढरीस जाते ती एका सावळ्या देवाच्या भेटीला. ‘सावळा’ हा शब्द उच्चारतांना मराठी मनांत जी माया दाटते, ती ‘फेअर नाहीं’ ह्या दोन शब्दांत शोधून सांपडणार नाहीं.

हें विशेषण तपासून पाहण्याचें काम खुद्द इंग्रजी भाषेच्या सर्वश्रेष्ठ कवीनें चारशें वर्षांपूर्वीं केलें आहे, हें येथें सांगितलें पाहिजे. १६०९ सालीं प्रसिद्ध झालेल्या शेक्सपिअरच्या सुनीतांत १२७ व्या सुनीतापासून एका काळ्यासावळ्या स्त्रीचें प्रकरण सुरू होतें. तेथें तो ‘फेअर’ ह्या शब्दालाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें करतो : पूर्वीं काळ्याला सुंदर म्हणण्याची रीत नव्हती, पण आतां रंगरंगोटीनें कोणीहि ‘फेअर’ होऊं शकत असेल, तर त्या नांवाला किंमत ती काय उरली? ‘ऑथेल्लो’च्या पहिल्या अंकांत व्हेनिसचा ड्यूक रागावलेल्या सासऱ्याला सांगतो कीं, सद्गुणांत सौंदर्य असेल, तर तुझा जांवई काळा नसून ‘फेअर’च म्हटला पाहिजे. हें बोलणें स्तुतीचें आहे, पण किती कुचंबलेली ही स्तुति! काळ्या माणसाचा गुण गावयाचा, तर त्याला आधीं शब्दानें गोरें करून घ्यावें लागतें. हें नाटक मराठींत फार लवकर आलें. महादेवशास्त्री कोल्हटकर ह्यांचें भाषांतर १८६७ चें, आणि गोविंद बल्लाळ देवल ह्यांचा ‘झुंझारराव’ १८९० चा. ड्यूकच्या ह्या वाक्यापाशीं कोणाहि मराठी भाषांतरकाराची लेखणी अडखळावी. त्याला सुंदर, गुणी आणि गोरा हे तीन शब्द सुटे सुटे करूनच पुढें जावें लागतें. आणि ते सुटे होतांच मूळ वाक्यांतील चलाखी उघडी पडते. भाषांतराला आपण नेहमीं तोट्याचा व्यवहार समजतों. पण कित्येकदां भाषांतर हीच उत्तम टीका असते.

आतां एक सबळ आक्षेप राहतो. कोणी म्हणेल, रंगाचा अर्थ सोडून द्या, व्यापाराचा सोडून द्या. परंतु ‘फेअर प्ले’ मधील जो ‘फेअर’, त्याला दुसऱ्या भाषांत जोड नाहीं, त्याचें काय? हा आक्षेप हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. आना व्हिएझबित्स्का ह्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनीं २००६ सालच्या आपल्या ग्रंथांत असेंच मत मांडलें आहे कीं, ही कल्पना इंग्रजी संस्कृतीची खास आहे. आणि जर्मन भाषेनें तर हा शब्द जशाचा तसा उचलला आहे. आपल्याकडेहि ‘हें फेअर नाहीं’ असें मुलें म्हणूं लागलीं आहेत. पण मराठी मूल त्यापूर्वीं काय म्हणत असे? तें म्हणे, “ही रडी आहे! हा रडीचा डाव!” ‘फेअर’ला एक नेमका प्रतिशब्द आपल्यापाशीं नसेल, पण ‘अनफेअर’ला मात्र अंगणांतल्या धुळींत जन्मलेला अस्सल शब्द आहे. न्याय म्हणजे काय हें ठरविण्यापूर्वीं अन्याय झालेला कळतो, हें त्या मुलांना ठाऊक होतें. अमर्त्य सेन ह्यांनींहि २००९ सालच्या आपल्या न्यायविषयक ग्रंथाचा आरंभ डिकन्सच्या कादंबरींतील एका मुलाला बोंचणाऱ्या अन्यायापासूनच केला आहे.

मोठ्या माणसांसाठींहि आपल्याकडे शब्द आहेत. ‘रास्त’ हा फारसींतून आला. त्याचा मूळ अर्थ सरळ. ‘वाजवी’ हा अरबींतून आला. त्याचा अर्थ जें देणें प्राप्त आहे तें. ‘न्याय्य’ संस्कृताचा. ह्या शब्दांत डोळ्याला महत्त्व नाहीं. रेघ सरळ आहे कीं नाहीं, देणें चुकलें कीं फिटलें, हें दोन्ही बाजूंच्या माणसांना आपापल्या हातांनीं पडताळून पाहतां येतें. म्हणून ‘हा भाव रास्त कसा, तें दाखवा,’ असें आपण म्हणूं शकतों.

आश्चर्य असें कीं, ह्या शतकामागील इंग्रजी विचारवंतांतहि ज्यानें ‘फेअर’ ह्या शब्दावर न्यायाची इमारत उभारली, त्या जॉन रॉल्सनें डोळ्याचाच प्रथम बंदोबस्त केला. १९५८ मधील त्याचा निबंध आणि १९७१ मधील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध आहेत. त्या ग्रंथांत त्याचें म्हणणें असें कीं, समाजाचे नियम ठरविणाऱ्यानें आपण स्वतः त्या समाजांत कोठें असूं हें आपल्याला माहीत नाहीं, अशी कल्पना करावी. अज्ञानाचा पडदा पुढें ओढून मग नियम करावे. आमच्या भाषेंत सांगावयाचें तर, आपण उद्यां कांट्याच्या ह्या बाजूला असूं कीं त्या बाजूला, मुलगी पाहणाऱ्यांत असूं कीं दाखविणाऱ्यांत, हें ठाऊक नसतांना जो निर्णय देतां येईल, तोच खरा ‘फेअर’. सौंदर्य पाहणाऱ्या डोळ्यापासून निघालेला हा शब्द शेवटीं डोळे बांधून घेण्यापर्यंत येऊन पोंचला, ही त्याच्या आयुष्यांतील सर्वांत मोठी मजल होय.

तेव्हां हा शब्द हद्दपार करा, असें मला म्हणावयाचें नाहीं. हद्दपार होण्याचा त्याचा काळहि निघून गेला आहे. माझी सूचना लहान आहे. घरांत, बाजारांत, किंवा छापील कागदावर हें विशेषण भेटेल, तेव्हां त्याला दोन प्रश्न विचारल्यावांचून पुढें जाऊं देऊं नये : कोणाच्या डोळ्यांनीं? आणि कोणत्या मापानें? ह्या दोन प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं, तर शब्द खुशाल वापरावा. न मिळालीं, तर त्याच्या जागीं साधा मराठी शब्द घालून पाहावा. म्हणजे आंत काय दडलें होतें तें आपोआप समोर येतें. आतां वर्गांत हा शब्द मी ह्याच रीतीनें शिकवितों.

त्या दिवशीं ओट्यावर मीं काय सल्ला द्यावा ह्याचा विचार करीत असतांना त्या मुलीनें माझ्या टेबलावरचें पेन उचललें, ‘फेअर’ वर एक आडवी रेघ ओढली, आणि शेजारीं स्वच्छ अक्षरांत ‘सावळा’ असें लिहिलें. बाप कांहीं बोलला नाहीं. कागदाची घडी करून त्यानें ती खिशांत ठेवली, आणि दोघें उठून गेलीं.